लाइट गेली की धावणारे भाऊ

लाइट गेल्याबरोबर धावत सुटणारा माणूस उभ्या खानदेशात एकच, आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटरवाले भाऊ. मूळचे पारोळ्याचे, नोकरीला रावेरात, आमच्या केळीच्या पॅकिंग कंपनीत. खोली मागच्याच गल्लीत. आमच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा एक चालतो, व्हर्च्युअल मशीन म्हणतात तो, आणि शेतकऱ्यांच्या केळीची सारी वजनं त्यात. लाइट गेली की इन्व्हर्टर संपायच्या आत मोठ्या कॉम्प्युटरनं पोटातल्या धाकट्याला 'आवर रे, बंद हो' असं कळवायचं असतं. आमचा धाकटा ठार बहिरा! म्हणून भाऊ पळत येऊन त्याला हातानं बंद करायचे, नाहीतर वजनं गेलीच म्हणून समजा. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून तसेच आले, एका गालाला साबण. भाचीचं लग्न रावेरातच होतं. मंगलाष्टकं चालू असताना लाइट गेली, तर मामाच मांडवातून गायब! बहिणीनं पुढे कितीतरी दिवस अबोला धरला. भाऊंचं म्हणणं, "लगीन काय, लाइट नसताना बी लागस."

निवृत्तीच्या दिवशी अंगणात शाल-नारळ मांडलेलं, शेवभाजी निवत चाललेली, आणि भाऊ त्या बहिऱ्यापुढे ठाण मांडून. बाहेरून पाहिलं तर सगळं ठीक दिसत होतं. आत शिरले तर निरोप ऐकणारी जी सोय असते, इंटिग्रेशन सर्व्हिस, तीच बंद. चालू केली की पुन्हा मिटायची. शेवटी जुनी काढून टाकून त्यांनी नवी बसवली.

"भाऊ, इतकी वर्षं का नाही केलं हे?" मी वैतागून विचारलं.

"आजपावत मी व्हतू ना!" ते म्हणाले. "उद्या लाइट गई ते कोण येई?"

मग स्वतःच उठून त्यांनी मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर ओरडायला लागला. सवयीनं भाऊंचा हात कीबोर्डकडे गेला, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. धाकट्यानं मोठ्याचं ऐकलं, लिहायचं ते लिहून घेतलं आणि गुमान बंद झाला. आम्ही टाळ्या पिटल्या. "चला, शेवभाजी गार हुई गई," म्हणत भाऊ बाहेर आले.

आता ते पारोळ्याला असतात. लाइट अजून जाते, मशीन आपलं आपण बंद होतं, कोणी जागचं हलत नाही. मध्यंतरी फोनवर त्यांना हे सांगितलं, तर केवढे खूश झाले. हळूच म्हणाले, "मंग... एकदाबी आडकनं नही?"

"नाही भाऊ, एकदाही नाही."

"बेस्ट शे," ते म्हणाले, पण आवाज पडला होता. एकदा तरी अडकलं होतं म्हणायला हवं होतं, असं फोन ठेवल्यावर मला फार वाटलं.