पवनचक्कीच्या घरातला उभा खांब

माझा मित्र मधुकर पवनचक्कीतलं घर विकतोय असं कळलं, तशी हिने दशम्या बांधल्या आणि आम्ही खंडेनवमीसाठी त्याच्याकडे निघालो. खंडेनवमी खरी आठवड्याच्या मधेच होती, पण अमेरिकेत सगळे सण शनिवारी येतात.

वेस्ट विंडसरहून लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला जायचं तर पहाटेच निघा. टोल खिसा हलका करतो आणि न्यूयॉर्क ओलांडेपर्यंत ट्रॅफिक जीव खातो. पुढे मात्र भोपळ्यांची शेतं, सफरचंदाच्या सायडरचे स्टॉल, वाऱ्याला समुद्राचा वास. उन्हाळ्यातल्या गर्दीपेक्षा ऑक्टोबर बरा.

चक्की अष्टकोनी, लाकडी, वर निमुळती. एकेकाळी गावचा मका इथे दळला जाई. दळण बंद पडल्यावर कुणा हौशी माणसाने बैल जुंपून ती अख्खी समुद्राकाठी ओढत आणली आणि तिचं घर केलं. जात्याची तळी दाराची पायरी झाली. पात्यांचा फेरा जात्यापर्यंत पोचवणारा ओकचा उभा खांब तेवढा मधोमध राहिला. मधुकर मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने घर घेतलं ते त्या खांबासाठी. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ.

यंदाही पूजा झाली. त्याची बायको, सुलभावहिनी, खिडकीशी बसून बघत होत्या. गुडघे गेलेत, झोपायची खोली वर आणि जिना शिडीसारखा.

"लिफ्ट बसव ना रे," मी म्हटलं.

"फक्त मधोमध बसते. खांब कापावा लागेल."

"मग कापा की भावजी!" ही म्हणाली.

"वहिनी, इतकी जुनी वस्तू माझ्या हातून?"

"माझे गुडघेही जुनेच आहेत हो," सुलभावहिनी म्हणाल्या. "त्यांची पूजा कोण करतंय!"

सगळे हसलो. घर घेणारं जोडपं जुन्या वास्तूंचं शौकीन आहे, खांबाला हात लावणार नाही म्हणालंय, असं मधुकर दोनदा सांगून गेला. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला नव्हतं जायचं."

घरी येऊन पाहतो तर खांबाचे फोटो ढीगभर, त्या खिडकीचा एकही नाही.

परवा वहिनींचा फोन आला, लेकीच्या गावच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधून. नव्या मालकांनी लिफ्ट बसवली. खांब कापून.

"यांना सांगितलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "खांब वाचवला म्हणून समाधानाने जेवतायत. सांगू का?"

"नका सांगू," मी म्हटलं.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर चक्की जरूर बघा. रस्त्यावरून ती अजून तशीच दिसते.