पुढच्या वर्गातली ब्रेकबाई

राग आवरायच्या वर्गात माणूस पास होऊ शकतो, हे मला पास होईपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्या वर्गात श्वास कसा घ्यायचा, भावनेला नाव कसं द्यायचं, तोंडावर गार पाणी कधी मारायचं हे शिकवतात. पण जित्याची खोड ती, पुन्हा डोकं वर काढतेच, म्हणून पास झालेल्यांसाठी पुढचा वर्ग. दर गुरुवारी झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत गोलात खुर्च्या मांडायच्या आणि आठवडाभरात कुणाला फाडून खावंसं वाटलं, तरी खाल्लं नाही, ते सांगायचं. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक तीच फ्रेम पुन्हा पुन्हा लावून "कशी दिसते?" विचारतं, तेव्हा माझ्या मनात काय चालतं हे फक्त या खोलीला माहीत आहे.

ब्रेकबाई आमच्या वर्गाची शान. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो आयुष्यभर दाबून आपलं उजवं पाऊल डाव्यापेक्षा मोठं झालंय, असं ती स्वतःच सांगायची. आवाज असा, की तिने "क्लच!" म्हटलं की शेजारच्या गाडीतला माणूससुद्धा क्लच दाबायचा. अर्धं शहर तिच्या शिव्या खाऊन गाडी शिकलं, आणि खरं सांगायचं तर नीट शिकलं.

राहिली फक्त तिची स्वतःची मुलगी. चढावाच्या पुलावर, बरोबर मध्यावर, मुलीच्या हातून गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. ब्रेकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हँडब्रेक ओढला, चावी काढून घेतली, दार आपटलं आणि चालत घरी निघून गेली. मुलगी त्या दिवशी मावशीकडे गेली ती तिकडेच राहिली. फोन उचलते, दोन शब्द बोलते, पण घराची पायरी चढत नाही. ब्रेकबाईने दोन्ही वर्ग केले ते एवढ्यासाठीच, आणि तिने ते कधी लपवलं नाही. "माझी पोर घरी आली पाहिजे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "तुमची ती मनःशांती घाला चुलीत."

शेवटी दोन वर्षांनी मुलगी एका गुरुवारी वर्गात यायला कबूल झाली. घरच्या माणसाला बोलावून मॅडमसमोर बोलायची आमच्याकडे सोय आहे. मॅडम म्हणजे आमच्या समुपदेशक. त्यांचा आवाज इतका मऊ आहे की ऐकून कधीकधी रागच येतो.

मुलगी येण्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही ब्रेकबाईची तालीम घेतली. या कामात आम्ही तरबेज. निवृत्त पोस्टमास्तर मुलगी झाले. पांढऱ्या मिशांचा तो माणूस कमरेवर हात ठेवून "तू आई नाहीस, हडळ आहेस!" असं ओरडला, तेव्हा खालचा झेरॉक्सवाला काय झालं बघायला वर आला. ब्रेकबाईने श्वास घेतला, खांदे सैल सोडले आणि म्हणाली, "तू चिडणं साहजिक आहे. मी ऐकते आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी मुलगी झालो आणि येत होत्या तेवढ्या शिव्या मोकळ्या केल्या. बाई ढिम्म. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलगी आली. हनुवटी थेट आईची, खांद्याला ऑफिसची बॅग. खुर्चीच्या टोकावर बसली, बॅगेच्या बंदाशी चाळा करत राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, माझी खोली आहे का अजून?"

हे तालमीत नव्हतं. पोस्टमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ब्रेकबाईने श्वास घेतला, खांदे सैल सोडले.

"तू चिडणं साहजिक आहे. मी ऐकते आहे."

"मी चिडले नाहीये."

"तुझ्या भावना मला समजतात."

"अगं, मी खोलीचं विचारतेय."

"तुला हे विचारावंसं वाटलं, याचा मला आदर आहे."

मुलगी उठली. "मावशी म्हणाली होती, तू बदललीस. खरंच बदललीस गं," असं म्हणून तिने बॅग खांद्याला लावली आणि दाराकडे निघाली. ब्रेकबाईकडची वाक्यं संपली होती.

"बस खाली!"

ब्रेकबाई ताडकन उभी राहिली होती. खिडकीची काच थरथरली. मॅडमनी 'श्वास' म्हणायला तोंड उघडलं, तर पोस्टमास्तरांनी त्यांनाच गप्प बसायची खूण केली.

"खोली आहे का म्हणून विचारतेस? तू गेलीस तेव्हा तुझं सगळं सामान मी जिन्यात फेकलं. कपडे, पुस्तकं, गादी, सगळं! आणि मग एकटीने परत वर आणलं, शेजारी बघत असताना. गादी दोनदा अंगावर घसरली माझ्या. रोज झाडते ती खोली. कुणासाठी झाडते, शेजाऱ्यांसाठी?"

मुलीला आधी हसू आलं आणि लगेच रडू. ब्रेकबाई मात्र मटकन खाली बसली. "ओरडले," ती म्हणाली. "एवढं शिकले आणि सगळं पाण्यात घातलं."

"तुझ्या ओरडण्यामुळे मी गेले, असं वाटतं तुला?"

"मग?"

"ओरडणं तर जन्मापासून ऐकतेय. तू उतरून गेलीस, आई. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस."

भावनेला लगेच नाव द्यायचं हा आमचा नियम. त्या वेळी आमच्यापैकी एकालाही नाव सुचलं नाही. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं.

"नाही पाहिलं," ब्रेकबाई म्हणाली. आता आवाज खाली होता, पण तालमीतला नव्हता. "पाहिलं असतं तर परत यावं लागलं असतं, आणि मला यायचं नव्हतं. चुकलं माझं."

मुलीने बॅगेतून रुमाल काढून नाक पुसलं.

"रविवारी येते," ती म्हणाली. "ओरडलीस तरी चालेल. फक्त तिथेच थांबून ओरड."