चांगो भोईरांचं बर्लिनचं तिकीट

चांगो भोईर चौतीस वर्षं रेल्वेत होते आणि ती सगळी त्यांनी रुळांवर चालत काढली. पळसदरी ते कर्जत हा त्यांचा पट्टा. खांद्यावर हातोडा टाकून रोज सकाळी निघायचं, रुळाला धरून ठेवणारी एकेक चावी बघत जायचं, सैल झालेली ठोकून बसवायची. या कामाच्या माणसाला रेल्वेत कीमन म्हणतात. निवृत्त झाल्यावर ते कडावला घरची भातशेती बघू लागले, पण सवय सुटेना. शेताच्या बांधावरूनही ते खाली मान घालून, काहीतरी तपासल्यासारखे चालत.

त्यांची मुलगी ऋतिका नर्सिंग शिकून जर्मनीत, बर्लिनच्या एका इस्पितळात नोकरीला लागली. दुसऱ्या वर्षी तिनं आईबाबांना बोलावून घ्यायचं ठरवलं. तारीख आईनं, मैनाबाईंनी ठरवली : गणपती गेल्यावर आणि भातकापणीच्या आधी. तेवढे दिवस घरच्या मंगळी म्हशीचं जाऊबाई बघणार होती.

"बाबा," ऋतिका फोनवर म्हणाली, "मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथं विमान बदलायचं आणि बर्लिन. सगळं मी बुक करते."

"फ्रँकफर्टवरनं रेल्वे नाय का?"

"आहे ना. पण चार तास लागतात."

"मग विमान फ्रँकफर्टपर्यंतच काढ. पुढं आमी गाडीनं येतो."

"अहो, माझी त्या दिवशी ड्यूटी आहे. मी तिथवर घ्यायला नाही येऊ शकणार."

"तुला कोण बोलवतंय? जन्मभर गाड्यांसाठी रूळ सांभाळले. परदेशात जाऊन त्यांच्या गाडीत बसायचं नाय, तर मग जायचं कशाला?"

ऋतिका हसत सुटली. "ठीक आहे. पण ते तिकीट तुम्हीच काढायचं. मी हात लावणार नाही."

फोन ठेवल्यावर मैनाबाई म्हणाल्या, "अवो, पुण्याचं तिकीट काढायचं तरी तुमी कोंडाजीभावजींना फोन लावता!"

ते खरंच होतं. कोंडाजी चांगोंचे जुने मित्र, कर्जत स्टेशनच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेले आणि आता भिसेगावात राहणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगो त्यांच्या दारात हजर झाले. पिशवीत ऋतिकाचा शाळेतला नकाशांचा अ‍ॅटलास होता.

कोंडाजींनी लॅपटॉप उघडला, चष्मा पुसला आणि खिडकीवर बसल्यागत ताठ होऊन विचारलं, "बोला. कुठनं कुठं?"

"फ्रँकफर्ट ते बर्लिन. दोन माणसं. खिडकी पायजे."

कोंडाजींनी स्टेशनाचं नाव टाकलं, खाली आलेल्या यादीतलं एक निवडलं आणि गाड्या पडद्यावर आल्या. "अरे, एक तास दहा मिनिटं! पोरीला चार तास कुठं सापडले रं?"

दोघंही खूश झाले. चहा आला. नावं भरून झाली, पैसे भरायचं पान उघडलं. कोंडाजींचं बोट बटणावर गेलं.

"थांब रं," चांगो म्हणाले.

त्यांनी अ‍ॅटलास उघडला. आदल्या दिवशी घरी त्यांनी मैनाबाईंच्या शिवणाचा दोरा लावून अंतर मोजलं होतं. "सरळ रेषेत चारशेच्या वर किलोमीटर हाय. तासाभरात?"

"परदेश हाय. असतील तशा गाड्या."

"गाडी असंल. पण ती मधी थांबते किती बघ."

कोंडाजींनी थांबे उघडले. गाडी दर पाच-सात मिनिटांनी कुठल्यातरी बारक्या स्टेशनावर थांबत होती. चांगोंनी मान हलवली. "इतकं थांबून, इतकं पळून, असा रूळ दुनियेत कुठं नसंल. ते नाव नीट वाच."

फ्रँकफर्टपुढे कंसात काहीतरी लिहिलं होतं. ओडर. कोंडाजी पडद्याकडे बघत राहिले आणि एकदम टेबलावर हात मारून हसायला लागले.

"अरे, हे आपल्या कर्जतवानी झालं! माझ्या खिडकीवर एक वऱ्हाड आलं होतं बघ, नटूनथटून, कार्यालयाचा पत्ता विचारत. लग्न होतं नगरकडच्या कर्जतला, आणि मंडळी उतरली इथं!"

"मग काय केलंस?"

"काय करणार? पहिलं पाणी दिलं. मग गाडी सांगितली."

फ्रँकफर्टही दोन निघाली. एक माइन नदीवरचं, जिथं विमान उतरणार होतं. दुसरं ओडर नदीवरचं, पार पोलंडच्या हद्दीला. बटण दाबलं असतं तर भलत्याच गावाहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट हातात आलं असतं. कोंडाजींनी आता विमानतळाचंच स्टेशन शोधून काढलं. सकाळी दहाच्या सुमारास न बदलता जाणारी एक गाडी होती. चार तास आणि वर थोडं.

"हां," चांगो समाधानानं म्हणाले. "ही खरी गाडी."

पुढे तिकिटाचे दोन प्रकार आले. एक स्वस्त, पण फक्त त्याच गाडीचं. दुसरं त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालणारं. विमान उशिरा आलं तर काय, म्हणून दुसरं घेतलं. मग कळलं की तिकीट निराळं आणि जागा निराळी.

"जागा घेतली नाय तर?" चांगोंनी विचारलं.

"रिकामी दिसली तर बसायचं. नायतर उभं."

"म्हंजे जनरलचा डबा. घे, जागा घे."

डब्याच्या चित्रात एका भागाला वेगळी खूण होती. आरामाचा डबा असेल, लांबचा प्रवास आहे, असं म्हणून कोंडाजींनी त्यातल्या दोन जागा निवडल्या. या वेळी मात्र पैसे भरण्याआधी चांगोंनी पडद्याचा फोटो ऋतिकाला पाठवला. तिचा लगेच फोन आला. हसण्यामुळे तिला धड बोलता येईना.

"बाबा, तो शांततेचा डबा आहे. तिथं गप्पा मारायच्या नाहीत, फोनवर बोलायचं नाही. आईला चार तास गप्प बसवणार तुम्ही?"

चांगो क्षणभर विचारात पडले. कोंडाजी म्हणाले, "बघ रं, अशी संधी पुन्हा नाय." पण शेवटी समोरासमोरच्या, मधे टेबल असलेल्या दोन खिडक्या साध्या भागात घेतल्या. बटण दाबलं, बँकेचा ओटीपी आला आणि तिकीट झालं. कोंडाजींनी त्याच्या दोन प्रती काढल्या आणि सवयीनं दोन्हींवर गाडीची वेळ लाल पेनानं अधोरेखित केली.

सप्टेंबरात विमान वेळेवर उतरलं. विमानतळाच्या स्टेशनावर कुठला डबा फलाटावर कुठं लागणार हे आधीच दिसत होतं. चांगो मैनाबाईंना घेऊन बरोबर त्या जागी तासभर आधी जाऊन उभे राहिले. गाडी आली आणि त्यांच्या डब्याचं दार अगदी त्यांच्यासमोर थांबलं.

गाडी सुटल्यावर ते कितीतरी वेळ डोळे मिटून बसले.

"झोपलात व्हय?" मैनाबाईंनी विचारलं.

"ऐकतोय. रुळांच्या सांध्यांचा आवाजच नाय गं. काय काम केलंय!"

मैनाबाईंनी तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी काढली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं वासानं मान वळवली. मैनाबाईंनी तिला भाकरीचा तुकडा दिला, तिनं यांना सफरचंद दिलं, आणि मग दोघी आपापल्या भाषेत बोलत फोनमधले फोटो एकमेकींना दाखवू लागल्या. कुणाचं काही अडलं नाही.

एका स्टेशनाआधी गाडी हळू झाली. शेजारच्या रुळावर केशरी जाकिटं घातलेली सहा-सात माणसं अवजारं घेऊन बाजूला उभी होती. चांगो उठून काचेला भिडले आणि त्यांनी हात वर केला. घाटाखाली ते स्वतः असेच बाजूला सरून उभे राहत, आणि गाडीतून कुणी हात केला की त्यांना दिवसभर बरं वाटे. बाहेरच्या एकानं वर पाहिलं, हातमोजा काढला आणि जोरजोरात हात हलवला.

"कोण वो? वळखीचं?" मैनाबाई म्हणाल्या.

"आमच्यातलेच हायत," चांगो म्हणाले आणि रुमाल शोधू लागले.

बर्लिनला ऋतिका ड्यूटी संपवून थेट फलाटावर आली होती. आई तिच्या गळ्यात पडली. बाबांनी मात्र आधी घड्याळ दाखवलं. "दोन मिनिटं आधी आणली."

"तुम्ही आणली?"

"तिकीट कोणी काढलं?"

पुढच्या तीन आठवड्यांत कुठं जायचं असलं की तिकीट त्यांनीच काढायचं असं ठरूनच गेलं. ऋतिकाच्या स्वयंपाकघरात चष्मा लावून ते गाड्या शोधत आणि मध्येच कोंडाजींना फोन करून नवी माहिती देत. शेवटच्या रविवारी त्यांनी वार्नेम्युंडे नावाचं समुद्रकाठचं गाव शोधलं आणि तिघं तिकडे गेली. स्टेशनावरून पाच मिनिटं चाललं की समुद्र. मैनाबाई लुगडं पोटऱ्यांपर्यंत धरून लाटेत शिरल्या आणि थंडीनं अशा ओरडल्या की काठावरची माणसं वळून हसायला लागली.

"या की तुमी पण!" त्यांनी हाक मारली.

चांगोंनी बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटांत ठेवले आणि पँट दुमडत पाण्याकडे निघाले.