फिलूचं बसणं

फिलू दमली की बसायची. जिथे असेल तिथे. शाळेच्या जिन्यात, भाईंदर पश्चिमेच्या भर बाजारात, एकदा तर चालू प्रार्थनेत. पाठीवरचं दप्तर काढायचं, त्यावरच टेकायचं आणि मला सांगायचं, "दमलीस त तू पन बस. वाट पलून जात न्हाय."

तिचं नाव फिलोमिना. उत्तनच्या बाजूच्या कोळीवाड्यातून ती बसने यायची. आई मासे विकायची. पहाटे आईबरोबर धक्क्यावर माशांच्या पाट्या उचलून मग ही सहावीच्या वर्गात येऊन बसे. त्या वयातच तिच्या चेहऱ्यावर मोठ्या बायकांचा शिणवटा होता. मी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वस्तीतून यायची, आमच्याच वर्गातला आरिफ नया नगरातून. आमचं तिघांचं जमलं, ते मधल्या सुट्टीत दुसरं कुणी आमच्याजवळ बसत नसे म्हणून. आरिफ बोलताना अडखळायचा, फिलूच्या कपड्यांना मासळीचा वास यायचा, आणि मी त्या दोघांबरोबर असायची.

कुणाल माझ्याच इमारतीतला, एक वर्ष पुढे. फिलू दिसली की नाक दाबून "बोंबील आला" म्हणायचा. आरिफचा डबा मातीत पालथा घालायचा आणि वर विचारायचा, "कोणी केलं? घे ना माझं नाव." आरिफ पहिल्याच अक्षरावर अडकायचा, आणि कुणाल हसत उभा राहायचा. बाईंना सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "मुलं आहेत, चालायचंच." फिलू म्हणायची, "त्याला काम न्हाय. काम नसला का मानूस असाच करतो."

खजिन्याची गोष्ट तिनेच काढली. तिच्या गावामागच्या टेकडीवर एक पडका बुरूज होता. पळून जाताना पाखल्यांनी, म्हणजे जुन्या पोर्तुगीजांनी, त्याच्या पायथ्याशी सोन्याचा हंडा पुरला, असं तिची आजी सांगायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरी काहीबाही कारणं सांगून दुपारी तिकडे जाऊ लागलो. फावडं फिलूच्या घरचं. सोनं मिळाल्यावर काय काय करायचं ते आरिफ खणता खणता सांगायचा. तेव्हा तो फारसा अडखळत नसे.

एका दुपारी फावडं कशावर तरी खणकन आपटलं. माती बाजूला केली, तर आत नारळाएवढा, गंजलेला लोखंडी गोळा.

"तोफेचा आहे," आरिफ एका दमात म्हणाला.

तेवढ्यात मागून टाळ्या ऐकू आल्या. कुणाल आणि त्याचे दोन मित्र. बसमध्ये आम्हाला पाहून ते मागोमाग आले होते.

"चला, बाजूला व्हा. हे आता आमचं," कुणाल म्हणाला.

आरिफ मागे सरकला. मीही सरकले. फिलू मात्र खड्ड्यात उतरली आणि गोळ्यावर बसली.

"ऊठ."

"मी दमले हाय."

त्यांनी तिची वेणी ओढली. ढेकळं मारली. एक कपाळावर फुटलं, तेव्हा तिने पालथ्या हाताने रक्त पुसलं आणि तशीच बसून राहिली. दोघांनी दंडाला धरून तिला उचलू पाहिलं, पण पाट्या वाहून घट्ट झालेलं ते अंग हललं नाही. मग आरिफ जाऊन तिच्या शेजारी बसला. त्याच्यामागून मी. खड्डा लहान, आम्ही एकमेकांच्या अंगावर. उन्हाने जीभ टाळ्याला चिकटली होती. आधी कुणालचे मित्र कंटाळून निघून गेले. तो एकटाच उरला.

आरिफ त्याच्याकडे बघत म्हणाला, "कु... कु... कुणाल, घरी जा." हवा तेवढा वेळ घेऊन म्हणाला. या वेळी कुणाल हसला नाही. तो टेकडी उतरून गेला.

हंडा काही सापडला नाही. गोळा आरिफने घरी नेला. शाळा उघडल्यावर कुणाल होता तसाच होता, फक्त आमच्या वाट्याला फारसा जात नसे. दुसरी मुलं मिळाली असतील त्याला.

नववीत फिलूची शाळा सुटली. आईने अंथरूण धरलं आणि पाटी हिच्या डोक्यावर आली. कॉलेजातून येताना मी बाजारात तिच्याजवळ टेकायची. एकदा कुणाल आला. "पापलेट कैसा दिया?" असं विचारून घासाघीस करून घेऊन गेला. फिलूने त्याला ताजी बघून दिली, साफ करून दिली.

"त्याने ओळखलं नाही तुला?" मी विचारलं.

"न्हाय."

"आणि तू?"

"बघताच."

"तरी चांगली निवडून दिलीस?"

तिने कोयत्यावरचे खवले पुसले. "राग पन वझाच हाय गो. डोक्यावर पाटी हाय, तीच पुरे."

पुढे तिचं लग्न झालं आणि ती खाडीपलीकडे, वसईच्या बाजूला गेली. बाजारात तिच्या जागेवर आता दुसरी बाई बसते. मी अजून त्याच इमारतीत राहते, कुणालही राहतो. संध्याकाळी कामावरून येते, लिफ्टमध्ये तो दिसतो, "या ना" म्हणून दार धरून ठेवतो. मी मान हलवते आणि जिन्याने निघते. चौथ्या मजल्यापर्यंत पायांत गोळे येतात.