स्टिअरिंगवरची लाल पाटी

सेक्टर सहामधले आमचे शेजारी काका प्लांटमधून रिटायर झालेले. हार्टच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे नागपूरला जाण्याआधी त्यांनी जुनी फियाट नीट बंद करून ठेवली. गाडीशीच पुटपुटत बॅटरी काढली, गाडी विटांवर चढवली, उंदीर शिरू नये म्हणून सायलेन्सरमध्ये बोळा कोंबला. शेवटी स्टिअरिंगला प्लांटमधली लाल पाटी बांधली: ‘काम जारी है, चालू न करें.’

किल्ली माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी विचारलं, “बॅटरीच काढली, मंग पाटी कावून?”

“ज्यानं लावली त्यानंच काढा लागते. प्लांटचा नियम हाय.”

परवा काकांच्या मुलाचा फोन आला, ऑपरेशन झालं, बाबा आता इकडंच राहतीन, गाडीले गिऱ्हाईक पाहा म्हणून.

म्हटलं, “पहिले पाटी काढाले काकाले पाठव.”