अण्णांनी घातलेल्या निऱ्या

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत शाळेत शिकवत होतो. गावी डोंगरकड्याला पोचलो, तर आई नीटनेटकी साडी नेसून त्यांच्या उशाशी बसलेली. सकाळी तिला साडी नेसवून अण्णा ओसरीत टेकले आणि तसेच गेले... नव्वदीला आलेल्या माझ्या वडिलांचं ते शेवटचं काम.

त्यांनी जन्मभर हळद पिकवली. काढणीच्या धामधुमीतही आम्ही भावंडं जेवल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. पण त्यांची खरी ओळख मला पटली ती आईला अर्धांगवायू झाल्यावर. काठीच्या आधारानं ती चालू लागली, उजवा हात मात्र लुळाच राहिला. गाऊन घालून लोकांसमोर जायचं नाही आणि कुणा परक्या बाईकडून साडी नेसवून घ्यायची नाही, म्हणून तिनं चारचौघांत जाणंच सोडलं. वसमतला तिच्या भाच्याचं लग्न ठरलं, तर म्हणाली, "तुमी जा. मी न्हाई येत."

अण्णा शेजारच्या काकूंकडे गेले आणि साडी नेसवायला शिकून आले. ही गोष्ट गावभर झाली. चहाच्या टपरीवर कुणी तरी म्हणालं, "काय अण्णा, आता वेणी बी घालून राहिले काय?"

"घालतो की. तुला येती का?" अण्णांनी विचारलं.

लग्नात आई पुढच्या रांगेत बसली. साडी कुणी नेसवली, असं बायकांनी विचारलं, तेव्हा मोठ्यानं म्हणाली, "आमच्या मालकानं!"

पुढे मी गावी गेलो की अण्णा मलाही हाताशी घेत. "नुसतं बघू नको, धर निऱ्या." मी लाजायचो, ते हसायचे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अण्णांना आदरांजली वाहायला बाहेर मंडपात लोक जमले होते. पांढरी साडी घेऊन माझी बायको आणि बहीण पुढे झाल्या. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्याला बोलवा. बापानं शिकवलं न्हाई का त्याला?"

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो. निऱ्या दोनदा सुटल्या.

"सावकाश कर," आई म्हणाली. "त्यांच्या बी सुटायच्या."

तिसऱ्यांदा जमलं. डाव्या हातानं आईनं निऱ्या चाचपून पाहिल्या, काठी मागितली आणि मान वर करून मंडपात लोकांमध्ये जाऊन बसली.