व्याख्यान बायकांचं, उखाणा माझा

संक्रांत सरली की आमच्या हुन्नरशाळेचा जलसा लागायचा. राज्य निजामाचं, गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. जलशाआधी दवंडीवाला गल्लोगल्ली ओरडत फिरायचा: अमक्या वारी इंजिनावर तकरीर, म्हणजे भाषण, तमक्या वारी विजेच्या दिव्यावर, मग कुस्त्या, मग चहापान. बायकांचं त्यात कधी काही नसायचं. त्या वर्षी आलं. शुक्रवारी दुपारी, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड, शिवणाच्या मशीनवर व्याख्यान, आणि नंतर हळदीकुंकू.

आमचे हे त्याच शाळेत सुतारकाम शिकवायचे. जेवता जेवता हळूच म्हणाले, "हैदराबादेच्या एक बाई येणारेत. एकीला निवडून तिकडं नेणार, शिकवणार, मग ती इथंच मास्तरीण."

माझा घास हातातच राहिला. शिवणाचं मला भारी वेड. मामंजी असल्या गोष्टींना दारातही उभं करायचे नाहीत, पण सासूबाईंनी त्यांच्या मागं लागून होकार काढला. मला म्हणाल्या, "माझं काम झालं. आता नीट ऐक म्हंजे झालं."

आता या शहाणीचं शहाणपण बघा. वय सोळा, अक्कल त्याहून लहान. मला घोर कशाचा? तर हळदीकुंकवात तहसीलदारीणबाईंच्या पुढं नाव घ्यावं लागेल याचा! भाकरी थापता थापता मी उखाणाच जुळवत होते.

व्याख्यानाला मी पुढच्याच रांगेत, नाकात नथ, अंगावर जरीकाठी लुगडं. बाई मशीन दाखवत होत्या. दोरा कुठून घ्यायचा, कुठं अडकवायचा, पाय कसा मारायचा. माझे डोळे मशीनवर आणि मन 'गुळगुळीत, बैठकीत' घोकण्यात. एकदम बाईंचं बोट माझ्याकडं आलं. "हां बेटी, तुम बोलो."

मी उठले, मान खाली घातली आणि ठणठणीत आवाजात सुरू केलं:

"फळीवरून रंधा फिरतो गुळगुळीत,
…रावांचं नाव घेते बायकांच्या बैठकीत."

चिकापलीकडं बसलेले पुरुषसुद्धा हसले. त्यात आमचे हेही असणार. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोरा कुठून घ्यायचा ते विचारलं होतं. "नाम अच्छा लिया," म्हणाल्या, "अब आओ, मशीन चलाके दिखाओ."

गेले असते तर? पाय मारला असता, दोरा तुटला असता, पुन्हा ओवला असता. हसणाऱ्या बायका तेवढ्यात विसरल्या असत्या. पण मी पदर तोंडाला लावून धोंड्यासारखी बसले. बाईंनी पुन्हा बोलावलं. सासूबाईंनी मागून ढोसलं, "अगं ऊठ की!" मी हललेच नाही.

मग शेवटच्या रांगेतली एक उठली. पलीकडच्या गल्लीतली, माझ्याच वयाची, बालविधवा. हळदीकुंकवाआधी तिला निघून जायचंच होतं. तिनं दोऱ्याची सगळी वाट न चुकता सांगितली आणि पुढं येऊन मशीन चालवलंही. तिला कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, कान मोकळे होते. हे मला आज कळतं. तेव्हा घरी येता येता मी फणकारले, "तिचं काय जातंय? ना नवरा, ना संसार."

सासूबाई रस्त्यातच थांबल्या. "पोरी, ती बिचारी ऐकत हुती. तू नटत हुतीस." 

ती हैदराबादेहून शिकून आली. निजामाचं राज्य गेलं, तरी त्याच दालनात तिचा वर्ग चालू होता. आडावर भेटली की म्हणायची, "वहिनी, या की. जागा धरून ठेवते तुमच्यासाठी." तिच्या मनात काही नव्हतं. तिच्यापुढं शिकायला बसायची लाज माझ्याच मनात होती.

"येते गं," मी म्हणायचे, "एवढे पापड होऊ देत."

पापड काय, दर उन्हाळ्यात असतातच.